कोणाला, केव्हा आणि किती

रस्त्यावर अपघात झाला की माहिती शोधायला वेळ नसतो. घरातलं माणूस दारूच्या आहारी गेलं की वेळ भरपूर असतो, पण कुणाला विचारायची लाज वाटते. किडनी बिघडत असते तेव्हा वेळही असतो आणि लाजही नसते, पण दुखतखुपत काही नसल्यामुळे काही शोधावं असं वाटतच नाही. अपघाती इजा, व्यसन आणि किडनीचे विकार हे तीन विषय एका पुस्तकात आणण्याचं कारण हेच आहे. वैद्यकाच्या दृष्टीने तिन्हींचे तज्ज्ञ वेगळे आणि वॉर्डही वेगळे. चुकीची माहिती माणसाच्या गळी कशी उतरते हे पाहायचं असेल तर मात्र हे तीन विषय शेजारी शेजारी ठेवूनच पाहावे लागतात. घाईत माणूस हाताला लागेल ते करतो, लाजेपोटी गुपचूप मिळेल ते घेतो आणि त्रास जाणवत नसला की सोयीचं वाटेल ते खरं मानतो.

हे विकार एकमेकांपासून तितके लांबही नाहीत. मोटारसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलेला माणूस अस्थिरोगाच्या वॉर्डात दाखल होतो. शस्त्रक्रिया व्यवस्थित होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागतात, त्याला भिंतीवर नसलेले किडे दिसतात, तो सलाइन उपटून टाकतो. घरच्यांना वाटतं डोक्याला मार लागला असावा. प्रत्यक्षात रोजची दारू अचानक बंद झाल्याचा तो परिणाम असतो, आणि दाखल करताना ‘दारू घेतात का?’ या प्रश्नाला घरच्यांनी ‘नाही’ असं उत्तर दिलेलं असतं. तोच माणूस घरी गेल्यावर महिनोन्महिने वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून खात राहिला, तर त्याची किडनी धोक्यात येते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत असताना ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसं काही दिवसांनी किडनी बंद पडून दगावत होती. चेंगरलेल्या स्नायूंमधून रक्तात उतरणारे पदार्थ किडनीला बाधतात हे बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी १९४१ मध्ये दाखवून दिलं. तेव्हापासून इजा आणि किडनी यांचा संबंध वैद्यकाला पक्का माहीत आहे. तो सामान्य घरांपर्यंत अजून नीट पोहोचलेला नाही.

प्रश्न लहान नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेल्या माणसांची संख्या सुमारे ५ कोटी ७० लाख निघाली, आणि दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसलीतरी उपचारमदत मिळाली होती. किडनीचं काम निम्म्यावर येईपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन पुष्कळदा ‘नॉर्मल’च्या रकान्यातच दिसतं, त्यामुळे तिथे तर किती जणांना अजून कळलेलंच नाही याचाच अंदाज बांधावा लागतो. एवढ्या मोठ्या समुदायाला रोज काही ना काही ठरवावं लागतं, आणि ते कुठल्या तरी माहितीच्या आधारावरच ठरतं. ती माहिती भरवशाची आहे की नाही हे ओळखायचं कसं, हा या प्रस्तावनेचा विषय आहे.

या प्रश्नाला नेहमी मिळणारं उत्तर असं: कोण सांगतंय ते पाहा. नावापुढे पदवी आहे का, संस्था नावाजलेली आहे का, नात्यातला एखादा डॉक्टर त्याला दुजोरा देतो का. या चौकशा जरूर कराव्यात. सांगणाऱ्याचा त्यात विक्रीचा हेतू आहे का, हा प्रश्न तर कधीच सोडू नये. पण एवढ्यावर भागत नाही. पदवीधर माणसंही चुकीचं सांगतात, प्रामाणिक माणसंही सांगतात, आणि कधी कधी सगळं वैद्यकीय जगच काही दशकं एकमताने चुकतं. माझं म्हणणं असं की, माहितीचा भरवसा सांगणाऱ्याच्या नावाइतकाच तिच्या घडणीवरून ओळखता येतो. भरवशाची माहिती आपली हद्द स्वतःच सांगते. हा उपाय कोणाला लागू आहे, केव्हापर्यंत लागू आहे, त्याने किती फरक पडतो आणि कोणत्या परिस्थितीत तो करू नये, हे तिच्यातच असतं. ‘सर्वांना, केव्हाही, शंभर टक्के’ अशी घडण दिसली की सांगणारा कितीही मोठा असला तरी थांबावं. ही खूण मी हवेतून काढलेली नाही. या तिन्ही विषयांतला गेल्या तीन-चार दशकांचा पुरावा तिच्याकडेच बोट दाखवतो.

सुरुवात डोक्याच्या मारापासून करू. मेंदूला मार लागला की सूज येते आणि स्टिरॉइड सूज उतरवतं, तेव्हा डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला स्टिरॉइड द्यावं, हे तर्काला इतकं पटणारं होतं की जगभर अनेक वर्षं ते दिलं गेलं. देणारे तज्ज्ञच होते आणि त्यांचा हेतूही रुग्णाला वाचवण्याचा होता. शेवटी ‘क्रॅश’ नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत १०,००८ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून एका गटाला स्टिरॉइड आणि दुसऱ्याला तसंच दिसणारं निष्क्रिय द्रव्य देण्यात आलं. निकाल २००४ मध्ये आला. स्टिरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के रुग्ण दोन आठवड्यांत दगावले, न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के. जो उपाय जीव वाचवतो असं मानलं जात होतं तो दर शंभरांमागे तीन जास्तीचे जीव घेत होता. एकेका डॉक्टरला आपल्या अनुभवातून हे कळणं शक्यच नव्हतं, कारण गंभीर मार लागलेली माणसं तशीही दगावतात आणि शंभरांतल्या तिघांचा फरक डोळ्यांना दिसत नाही. हजारो रुग्णांची शिस्तीने तुलना केली तेव्हाच तो दिसला.

त्याच संशोधकांची पुढची चाचणी याहून बोलकी आहे. ट्रानेक्झॅमिक अॅसिड हे रक्तस्राव रोखणारं स्वस्त, जुनं औषध. भारतासह ४० देशांतल्या २०,२११ जखमींवर ते तपासलं गेलं आणि २०१० मध्ये त्याने मृत्यू कमी होतात असं सिद्ध झालं. बातमी एवढीच छापली असती तर ती खरीच ठरली असती, पण अपुरी. कारण वेळेनुसार आकडे वेगळे काढल्यावर दिसलं की पहिल्या तीन तासांत दिलं तर ते रक्तस्रावाने होणारे मृत्यू टाळतं आणि तीन तास उलटून गेल्यावर दिलं तर ते मृत्यू वाढण्याची शक्यता असते. औषध तेच, रुग्ण तोच, घड्याळ बदललं की सल्ला उलटा होतो. इथे हद्द ही तळटीप उरत नाही, तीच मुख्य माहिती ठरते. ‘सोनेरी तास’ या प्रसिद्ध कल्पनेचंही असंच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने ती मोटार वाहन कायद्यातही आली. लवकर उपचार मिळावा हा तिचा गाभा बरोबरच आहे. पण साठाव्या मिनिटाला काही दार बंद होतं असा पुरावा नाही. भळाभळा वाहणाऱ्या रक्ताला तासभरही परवडत नाही, आणि तास उलटून गेला म्हणून धडपड सोडून द्यावी असंही नाही.

मनावरच्या आघाताबाबतही आपली सहज समजूत पुराव्यापुढे टिकलेली नाही. अपघातातून किंवा आपत्तीतून वाचलेल्या माणसाला ताबडतोब बसवून घडलं ते सगळं बोलतं करावं, म्हणजे मन मोकळं होईल आणि पुढचा त्रास टळेल, अशी पद्धत ऐंशी-नव्वदच्या दशकांत रूढ झाली होती. त्यावरच्या चाचण्या एकत्र तपासल्यावर अशा एका बैठकीने नंतरचा मानसिक विकार टळत नाही, उलट काही जणांना अपायच होऊ शकतो, असा निष्कर्ष निघाला. म्हणून आता आधी सुरक्षितता, अन्न-निवारा, आपल्या माणसांशी गाठ आणि बोलायचं असेल तर ऐकणारं कुणी, एवढ्यावर भर दिला जातो. बोलायला भाग पाडू नये, हे त्यात स्पष्टपणे सांगितलेलं असतं. काही आठवडे उलटूनही झोप, भीती आणि त्याच प्रसंगाचं पुन्हा पुन्हा आठवणं कमी होत नसेल तेव्हा मात्र खरोखरच्या उपचारांची वेळ येते. त्यासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक उपलब्ध आहे.

व्यसनाच्या क्षेत्रात अडचण निराळी आहे. इथे माहिती मागणारा बहुधा रुग्ण नसतो. त्याची बायको, आई किंवा मुलगी विचारत असते, आणि तिला कुणाला कळू न देता विचारायचं असतं. ‘दारू सोडवा, त्यांच्या नकळत’ हे आश्वासन याच लाजेवर उभं असतं. भिंतींवर, एसटी स्थानकांच्या आसपास आणि आता मोबाइलवर अशा जाहिराती दिसतात. त्यातल्या पुड्यांमध्ये काय असतं हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. डायसल्फिराम हे खरं, मान्यताप्राप्त औषध घेतलं तरी त्याची हद्द कडक आहे. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की चेहरा लाल होतो, धडधड वाढते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब घसरतो, आणि हृदय किंवा यकृत आधीच कमकुवत असेल तर जिवावरही बेतू शकतं. हे औषध चालतं ते घेणाऱ्याला त्याची पूर्ण कल्पना असते म्हणून. भाजीत मिसळून नकळत दिलं तर त्याचा आधारच नाहीसा होतो आणि धोका तेवढा उरतो. म्हणजे ‘नकळत’ हा जाहिरातीचा सर्वांत मोहक शब्द हाच नेमका घातक आहे. ज्या बाईने हे विकत आणलं तिला मी दोष देणार नाही. तिला दुसरं काही कुणी सांगितलं नव्हतं.

याच्या उलट टोकाला इच्छाशक्तीचा उपदेश आहे: मनात आणलं तर उद्यापासून सुटेल. ज्याला अजून शारीरिक अवलंबित्व आलेलं नाही त्याच्या बाबतीत हे खरं ठरू शकतं. पण जो वर्षानुवर्षं सकाळपासून पितो, ज्याला दारू मिळाली नाही की हात कापतात, त्याने एका रात्रीत पूर्ण थांबवली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत भ्रमाची जीवघेणी अवस्था ओढवू शकते. अशा माणसाने डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थायमिनसारखी जीवनसत्त्वं आणि योग्य औषधं घेऊन थांबवायचं असतं. नवस बोलून, कुलूप लावून खोलीत ठेवून दारू सोडवताना माणसं दगावतात, आणि मग ‘दारूने मेला’ एवढंच म्हटलं जातं.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाच्या अनुभवाला काहीच किंमत नाही का? पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रात जुने रुग्णमित्र नव्यांना आधार देतात, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा गावोगाव भरतात, तिथे सगळा भर स्वानुभवावर असतो. माझं उत्तर असं की, त्या अनुभवाला मोठी किंमत आहे, मात्र एका विशिष्ट प्रश्नापुरती. पिण्याची तलफ आली तेव्हा काय केलं, नातेवाइकांना तोंड कसं दिलं, पुन्हा घसरल्यावर परत उभं कसं राहता आलं, हे अनुभवी माणसाखेरीज कोण सांगणार? पण ‘या उपायाने किती जण सुधारतात’ या प्रश्नाला एकाच्या अनुभवातून उत्तर मिळत नाही, कारण जे सुधारले नाहीत ते आपली गोष्ट सांगायला सभेत आलेलेच नसतात. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बाबतीत हा हिशेब पुढे झालाही. संशोधनाचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २००६ मध्ये म्हटलं होतं की या पद्धतीची परिणामकारकता ठामपणे सिद्ध झालेली नाही. २०२० मध्ये २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसांची माहिती पुन्हा तपासल्यावर त्याच संस्थेने सांगितलं की या पद्धतीशी शिस्तीने जोडून दिलं गेलं तर वर्षभर पूर्ण दारूमुक्त राहणाऱ्यांचं प्रमाण इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा जास्त आढळतं, साधारण ४२ टक्के विरुद्ध ३५ टक्के. अनुभवी माणसं जे सांगत होती त्याला बळ मिळालं, आणि किती बळ तेही कळलं: शंभरातले बेचाळीस. उरलेल्या अठ्ठावन्नांचं काय, हा प्रश्न या आकड्यातच आहे. पहिल्या प्रयत्नात न सुटलेल्या माणसाच्या घरच्यांना हा आकडा माहीत असता, तर ‘याच्यातच खोट आहे’ असा निवाडा त्यांनी केला नसता. दुसरा उपाय शोधला असता.

किडनीच्या बाबतीत फसगतीचं मूळ खुद्द आजाराच्या चालीत आहे. एक तर तो मुका असतो. पायांवर सूज, भूक मंदावणं, धाप ही लक्षणं दिसतात तोवर बरंच नुकसान झालेलं असतं. मधुमेह, रक्तदाब, घरात कुणाला किडनीचा विकार, वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या, यातलं काही असेल त्याने त्रास नसतानाही दोन तपासण्या नियमाने कराव्यात: रक्तातलं क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला गाळणक्षमतेचा आकडा, आणि लघवीतलं अल्ब्युमिन. दुसरं म्हणजे ‘किडनीला चांगलं’ असं सरसकट काहीच नसतं. भरपूर पाणी प्या, हा सल्ला घ्या. मुतखडा झालेल्या माणसाला तो अगदी बरोबर आहे. इटलीत पाच वर्षं चाललेल्या चाचणीत पाणी वाढवलेल्यांपैकी १२ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला, न वाढवलेल्यांपैकी २७ टक्के. पण दीर्घकालीन किडनीविकार असलेल्या ६३१ जणांना कॅनडात वर्षभर जास्त पाणी प्यायला लावून पाहिलं, तेव्हा किडनीची घसरण थांबली नाही, असं २०१८ मध्ये जाहीर झालं. आणि ज्याची लघवी कमी झाली आहे किंवा जो डायलिसिसवर आहे, त्याला तेच पाणी छातीत साचून धाप लावतं. शहाळ्याचं पाणी निरोगी माणसाला उत्तम. किडनी बरीच निकामी झालेल्याला त्यातलं पोटॅशियम हृदयाची लय बिघडवू शकतं. कमरख, ज्याला कोकणात करमल म्हणतात, ते फळ अशा रुग्णाने खाल्लं तर न थांबणारी उचकी, भ्रम, फिट आणि मृत्यूपर्यंत मजल गेल्याच्या नोंदी आहेत. मधुमेह्याला आणि रक्तदाबाच्या रुग्णाला सुचवलं जाणारं कमी सोडियमचं मीठही याच कारणाने तपासून घ्यावं लागतं, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं.

तिसरी गोष्ट सर्वांत फसवी आहे, म्हणून तिच्यावर थोडं रेंगाळतो. ‘आमच्या काढ्याने क्रिएटिनिन सहावरून दोनवर आलं’ असं सांगणारे रुग्ण आणि त्यांचे खरेखुरे रिपोर्ट तुम्हाला भेटतील. त्यातले बरेच खोटं बोलत नसतात. जुलाब, जंतुसंसर्ग, औषधाची बाधा किंवा लघवीच्या वाटेतला अडथळा यांमुळे किडनी अचानक मंदावते, तेव्हा मूळ कारण दूर झालं की ती बहुधा आपोआप सुधारते. त्या आठवड्यांत जे काही घेतलं असेल त्याला श्रेय मिळतं. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं, त्यामुळे माणूस खंगला, मांसाहार बंद झाला, जेवण घटलं, तरी आकडा उतरतो आणि किडनी मात्र होती तिथेच असते किंवा आणखी खालावलेली असते. म्हणून रिपोर्ट खरा, माणूस खरा, आणि निष्कर्ष चुकीचा, असं घडू शकतं. अशा दाव्यासमोर विचारायचं ते एवढंच: हा बिघाड अचानक झालेला होता की तीन महिन्यांहून जुना? वजन किती उतरलं? किती जणांनी घेतलं आणि त्यांतले किती डायलिसिसवर गेले? ज्याला या प्रश्नांची उत्तरं ठाऊक नाहीत त्याला आपल्या उपायाची हद्द ठाऊक नाही.

यावर कुणी म्हणेल, हा परंपरेवरचा आकस आहे. तसं नाही. ही कसोटी कुठल्याही पद्धतीला सारखीच लागते. किडनी बिघडवणाऱ्या कारणांत डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या आधुनिक वेदनाशामकांचा क्रम वरचा आहे, आणि वर सांगितलेलं स्टिरॉइडचं प्रकरण तर पूर्णपणे आधुनिक वैद्यकाचंच आहे. दुसरीकडे, वनस्पती म्हणजे निर्धोक हेही खरं नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन उतरवण्यासाठी दिलेल्या वनौषधींमध्ये अॅरिस्टोलोकिया ही वनस्पती गेली आणि शंभरावर जणींच्या किडन्यांना त्यातून इजा झाली. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२१ ते २०२३ या काळात एका विशिष्ट किडनीविकाराचे २२ रुग्ण पाहिले गेले, त्यांपैकी १५ जणांत त्या विकाराचा एक दुर्मीळ प्रकार निघाला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. अशा क्रीममध्ये पारा सापडला. ती तर ना औषध, ना काढा. किडनीला लेबलावरची परंपरा कळत नाही, रक्तातून काय आलं तेवढंच कळतं. औषधं आणि जादुई उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्याने ज्या आजारांवर बरं करण्याची जाहिरात करायला मनाई केली, त्यांच्या यादीत मुतखडा आहे आणि किडनीच्या दाहाचं जुनं नाव असलेला ब्राइटचा आजारही आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी सत्तर वर्षांपूर्वी हा धोका ओळखला होता.

दुसरा आक्षेप डॉक्टरांकडून येतो: रुग्णाने वाचून शहाणं होऊ नये, आम्ही आहोत ना. अर्धवट वाचून औषध बंद करणारे रुग्ण त्यांना रोज भेटतात, त्यामुळे ही चिडचिड समजण्यासारखी आहे. पण भारतात प्राथमिक पातळीवर डॉक्टर-रुग्ण भेट सरासरी दोन-अडीच मिनिटांची असते असं आंतरराष्ट्रीय पाहणीत दिसलं आहे. एवढ्या वेळात हद्दी सांगून होत नाहीत. चांगली माहिती वाचून आलेला रुग्ण ती दोन मिनिटं वाया घालवत नाही. ‘माझा गाळणक्षमतेचा आकडा ४० आहे, मग ही गुडघ्याची गोळी मला चालेल का?’ असं तो नेमकं विचारतो. आणि माहिती उलट दिशेनेही वाहायला हवी. रोज किती पितो, कुठल्या पुड्या घेतल्या, कुठली क्रीम लावतो, हे डॉक्टरला खरं सांगितलं नाही तर त्याचं ज्ञानही अपुरं पडतं. स्वतःच्या आजाराचे कागद हा तर सर्वांत भरवशाचा स्रोत आहे. दाखल रुग्णाचे कागद मागितल्यावर ७२ तासांत द्यावेत असा डॉक्टरांसाठीचा नियम २००२ पासून आहे. ते मागावेत, तारखेनुसार लावून ठेवावेत. एकच क्रिएटिनिन फार काही सांगत नाही, तीन वर्षांची रांग पुष्कळ सांगते.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप मात्र हा आहे की, हद्दी सांगत बसलं तर माणूस गोंधळतो. रस्त्यावर रक्ताच्या थारोळ्यात पडलेल्या माणसाजवळ जर-तरची भाषा कुणाला सुचणार? घाबरलेल्या घराला एक स्पष्ट वाक्य हवं असतं. हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच अशा प्रसंगांची माहिती आधी, शांतपणे वाचून ठेवण्याची आहे. पण सोपं आणि सरसकट यांत अंतर आहे. ‘जखमेवर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबा, रक्त थांबेपर्यंत हात काढू नका, रुतलेली वस्तू उपटू नका, १०८ ला फोन करा’ हे सोपं आहे आणि त्यात हद्दही आहे. ‘शुद्ध असेल आणि गिळता येत असेल तरच, आणि तेही डॉक्टरांनी सांगितल्यावर पाणी द्या’ हेही शेतमजुरापासून प्राध्यापकापर्यंत कुणालाही कळतं. ‘अपघातग्रस्ताला आधी पाणी पाजा’ हे त्याहून लहान वाक्य आहे, पण बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेत पाणी जाऊन तो गुदमरू शकतो. भाजल्यावर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी आणि टूथपेस्ट नको, यात कठीण काहीच नाही. मदत केल्यावर पोलीस त्रास देतील ही भीतीही अशाच अर्धवट माहितीवर टिकून आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि कायद्याने २०१९ मध्ये मदतकर्त्याला संरक्षण दिलं आहे. २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा उपचार रोख रक्कम न भरता मिळण्याची योजनाही आहे.

मराठी वाचकाची कोंडी याहून खोल आहे. इंग्रजी वाचणाऱ्याला एक दावा चार ठिकाणी पडताळता येतो, कॉक्रेनचे सोप्या भाषेतले सारांश वाचता येतात. मराठीत चांगलं काम झालंच नाही असं नाही. डॉ. श्याम अष्टेकरांचं ‘भारतवैद्यक’ आहे, विश्वकोशातल्या वैद्यकाच्या नोंदी आहेत, राजकोटचे डॉ. संजय पंड्या यांच्या पुढाकाराने किडनीवरचं पुस्तक मराठीतही विनामूल्य उपलब्ध आहे. पण हे स्रोत मोजके आहेत आणि काही ठिकाणी काळ पुढे गेला आहे. व्यसनावर आपल्याकडे अनुभवकथन भरपूर आहे, पुराव्यानिशी लिहिलेलं थोडं. अपघाती इजेवर तर जवळजवळ काहीच नाही. ही उणीव भरून निघेपर्यंत त्या जागी जाहिरातीच बसतात.

या पुस्तकालाही तीच कसोटी लागते, म्हणून त्याची हद्द इथेच सांगतो. हे पुस्तक निदान करत नाही आणि मात्रा ठरवत नाही. लहान मुलं आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी यातले बरेच आकडे वेगळे असतात. इजेच्या भागातली दाब देणं, भाजल्यावर पाणी ओतणं, मान न हलवता उचलणं ही माहिती बराच काळ टिकेल. व्यसनाच्या भागातले मदतक्रमांक, म्हणजे १४४४६ आणि १४४१६, वापरण्याआधी अजून चालू आहेत ना हे पाहावं. सर्वांत लवकर जुना होईल तो किडनीचा भाग. २०१९ पूर्वीच्या पुस्तकांत किडनीची घसरण मंदावणारं औषध म्हणून डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटाचं नाव सहसा सापडणार नाही, आणि २०२० च्या चाचणीनंतर ते अनेक रुग्णांच्या चिठ्ठीवर आलं. भारतात त्याच वर्षी पेटंट संपून ते स्वस्तही झालं. तेही सर्वांसाठी नाही. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात ते देत नाहीत, आणि उलट्या-जुलाब होत असताना किंवा कडक उपवासात ते थांबवायला सांगतात. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ते शेवटचं कधी तपासलं याची तारीख दिली आहे. तुम्ही वाचत असाल तेव्हा त्या तारखेला चार वर्षांहून जास्त काळ लोटला असेल, तर औषधांबद्दलची पानं डॉक्टरांना दाखवल्याशिवाय त्यांच्यावर काही ठरवू नका.